मऊ अस्तर

मी मोटारसायकलच्या सीटा शिवतो. माझ्या हातची सीट असली की माणूस दिवसभर बसला तरी कुरकुरत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात. ते ऐकून ऐकून मला माझ्या हाताची जरा जास्तच घमेंड चढली होती.

माझी धाकटी बहीण चिमी शाळेत शिकवायची. रोज मोटारसायकलवरून जायची, हेल्मेटही घालायची, पण तोंड वाकडं करून.

"दादा, डोकं आवळतं रे. कान तर नुसते ठणकतात."

"आण इकडे. तुझा भाऊ काय मेलाय?"

आतलं कापड उसवलं तर खाली पांढरा, थर्मोकोलसारखा कडक थर. कडक काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. वाटलं, बनवणाऱ्याने उगाच भर घातलीय. सगळा तासून काढला, सीटचा उरलेला मऊ फोम भरला आणि वरून निळं मखमली अस्तर शिवलं. चिमीने हेल्मेट घालून आरशासमोर मान हलवली. "अय्या, उशीच की ही!" मी फुशारून गेलो. तिने शाळेत कौतुक केलं आणि तिच्या सोबतच्या शिक्षिकाही आपापली हेल्मेटं घेऊन आल्या.

तीन महिन्यांनी वळणावरच्या वाळूत तिची गाडी घसरली. वेग काही फार नव्हता. अंगावर नुसतं खरचटलं, मार बसला तो डोक्याला.

इस्पितळात तिच्या खोलीबाहेर एक गृहस्थ हात गळ्यात बांधून चहा पीत बसले होते. शेजारी त्यांचं हेल्मेट उलटं पडलं होतं, आतलं कापड निघालेलं. आतला पांढरा थर एका बाजूने चेपून पार चिरफाळला होता. तो थर कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं.

चिमी वाचली. पण पूर्वी हजेरीपट न उघडता अख्ख्या वर्गाची नावं घेणारी माझी बहीण आता माझ्या मुलीचं नाव आठवायला खिडकीबाहेर बघत बसते. आणि मी? मूग गिळून गप्प. तिच्या सोबतच्या शिक्षिका रोज तीच हेल्मेटं घालून दुकानावरून जाताना हात करायच्या, मी सीटमध्ये डोकं खुपसायचो. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठ महिने काढले. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तोवर गल्लीत एकच पालुपद सुरू झालं होतं: हेल्मेट असून तरी काय झालं? हेल्मेटं डोक्यावरून कोपरात आली आणि कोपरातून घरातल्या खुंटीवर गेली.

म्हणून वाहतूक पोलीसबाईंनी दुपारी वाचनालयात सभा घेतली. दाखवायला म्हणून चिमीचं हेल्मेट मागवलं होतं. ते पिशवीत माझ्या मांडीवर होतं, शेजारी चिमी. बाई बोलत असतानाच सलूनवाला उठला.

"बाई, ही बघा समोर बसलीय. हिने घातलं होतं ना? मग काय उपयोग झाला?"

सगळे वळून चिमीकडे बघू लागले. तिने मान खाली घातली, तिचंच काही चुकल्यासारखी. ते मात्र मला बघवेना.

उठलो. खिशात कात्री असतेच. निळं अस्तर टराटरा फाडलं आणि फोम जमिनीवर पडला.

"हे हेल्मेट नव्हतंच. ही मी शिवलेली उशी होती. आतला कडक थर मार झेलतो, तो मी तासून काढला. मी, तिच्या सख्ख्या भावाने."

पोलीसबाईंनी हेल्मेट हातात घेतलं, आत बोट फिरवलं. "थर असता तर..." म्हणाल्या आणि चिमीकडे बघून थांबल्या.

वाटलं, चिमी रडेल, चारचौघांत माझी लाज काढेल. काढली असती तर बरं वाटलं असतं. ती कितीतरी वेळ शब्द शोधत राहिली.

"दादा... शाळेतल्या... त्या बायकांची?"

"तीही मीच केली."

"किती?"

"नऊ."

ती खुर्चीला धरून उठली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने खूप वेळ पाहिलं, मग माझी बाही घट्ट धरली.

"चल ना. शाळा... सुटेल आता."