बिनचोचीचं गिधाड

या पृथ्वीवरचा प्रत्येक जीव दुसऱ्या जीवाच्या आधाराने जगतो, असं इमारतीच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली, तितक्याच ठळक अक्षरांत, लिफ्ट पुढील सूचनेपर्यंत बंद असल्याचं लिहिलं होतं.

पृथ्वीची सूचना सेक्रेटरींची होती. नामशेष होत चाललेल्या प्राण्यांबद्दल जागृती व्हावी म्हणून रविवारी प्रत्येक घराने गच्चीवरून एकेका प्राण्याचा पतंग उडवायचा आणि ध्वनिक्षेपकावरून त्या प्राण्याबद्दल दोन शब्द बोलायचे. दोरा साधा सुती, कारण पक्षी वाचवायला निघालेल्या पतंगांनी पक्ष्यांचे गळे कापू नयेत. प्राणी चिठ्ठ्या टाकून वाटायचे. वाघ सेक्रेटरींना आला. तो चिठ्ठ्या टाकायच्या आधीच आला होता. कवळीवाल्याच्या वाट्याला गिधाड आलं.

कवळीवाला म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा जावई. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि हा घरात बसून कवळ्या घडवी. घर मात्र सासऱ्यांचं. फार पूर्वी त्याची नोकरी गेली, तेव्हा सासरे फक्त "टेबल घ्या" म्हणाले आणि जेवणाचं टेबल त्याला देऊन मोकळे झाले. तेव्हापासून त्या टेबलावर साचे, कानशी आणि परक्या लोकांचे जबडे मांडलेले असत, आणि घरमालक ताट मांडीवर घेऊन जेवत. प्लास्टरची धूळ ताटात पडली तरी म्हातारा चकार शब्द बोलला नाही.

आभार मानायचे राहूनच गेले. सासऱ्याचे आभार कसे मानावेत, हे जावयाला कोणी शिकवत नाही. शेवटी त्याने आपल्याला येत होतं तेच केलं. हयातीतली सगळ्यात सुबक कवळी सासऱ्यांसाठी केली. ती तयार झाली आणि सासूबाई गेल्या. तेव्हापासून कवळी पेल्यात होती, सासरे खिडकीपाशी खुर्चीत होते, आणि दोघांपैकी कोणीच हलत नव्हतं. "पायांत दोष काही नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण असेच बसून राहिले तर चालणं विसरतील." कवळीवाल्याची झोप या वाक्याने उडाली होती.

गिधाड त्याने जीव ओतून केलं. बांबूच्या कामट्या, तपकिरी कागद, बोडकी मान. चेहरा काढायला घेतला तेव्हा हात आपोआप चालला. आयुष्यात त्याने एकच चेहरा इतक्या बारकाईने मोजला होता.

बायको चहा घेऊन आली आणि जागीच थबकली.

"अहो! हे बाबा आहेत!"

"छे. पक्षी आहे."

"माझ्या वडिलांचं गिधाड केलंत तुम्ही! त्यांच्याच टेबलावर बसून!"

खुर्चीतून आवाज आला, "बघू."

त्याने घाबरत पतंग पुढे धरला. सासऱ्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. "माझी मान एवढी लांब नाही," एवढंच म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. जावयाने तेवढ्यावरच समाधान मानलं. कितीतरी दिवसांनी म्हातारा आपणहून काहीतरी बोलला होता.

रविवारी गच्चीवर सगळी इमारत लोटली. वाघ उडण्यापूर्वीच पाण्याच्या टाकीला अडकला. कासव कासवासारखंच वागलं. बायकोने कठड्यापाशी गिधाड उंच धरून सोडलं, कवळीवाल्याने दोरा खेचला, आणि गिधाड तोंडावर आपटावं तसं सरळ खाली गेलं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवरून. वर ओढलं, पुन्हा सोडलं. पुन्हा खाली. या वेळी खिडकी उघडलेली दिसली.

"सोडा नाद," बायको म्हणाली. "स्वतःलाच असं पडताना बघून त्यांना काय वाटत असेल?"

त्याने आणखी एकदा सोडलं. गिधाड खिडकीपाशी आलं, आतून एक सुरकुतलेला हात निघाला आणि त्याने पंख पकडून त्याला आत घेतलं. दोरा वरून ओढला तर खालूनही ओढला गेला. मग एकाएकी सुटून ढिला पडला.

बायको जिन्याकडे धावणार, तेवढ्यात जिन्यातूनच धापा ऐकू आल्या. आधी गिधाड वर आलं, मग सासरे. कठड्याला धरून, पायरी पायरी करत. तोंडात कवळी होती.

"बाबा, कवळी?" कवळीवाल्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"शिव्या द्यायला दात लागतात, जावईबापू. चोचीला काय लावलंत?"

"ते... कवळीचंच. गुलाबी ॲक्रिलिक. टिकाऊ असतं."

"गिधाडाला कवळी बसवलीत?"

"उरलं होतं थोडं..."

"अहो, मग ते तोंडावर पडेल नाही तर काय करेल! हे ओझं तोंडात घ्यायला मी खुर्चीतून उठेना, ते बिचारं कागदाचं!" म्हणत त्यांनी चोच कट्कन मोडली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "दोरा बांधा आणि सोडा आता. आणि दोरा असा धरू नका, म्हैस नेताय का?"

बिनचोचीचं गिधाड एकदा डगमगलं, वारा प्यायलं आणि वर गेलं. फिरकी सासऱ्यांनी धरली. "ढील द्या! ढील!" ते ओरडत होते, आणि कवळीवाला पतंगाऐवजी त्यांच्या दातांकडे बघत होता. बसले होते. अगदी चपखल.

सेक्रेटरींनी ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापुढे आणला. त्याने माहिती पाठ केली होती, ती सगळी उडाली.

"गिधाड," तो म्हणाला. "दिसायला... ठीक असतं. गोड बोलत नाही. सगळ्यांची घाण गुपचूप निस्तरतं, म्हणून बाकीचे नीट जगतात. आणि ते आहे तोवर त्याचे आभार मानायचं कोणालाच सुचत नाही. ते सुचावं. एवढंच."

टाळ्या पडल्या. बायकोने पदराने डोळे पुसले. सासरे फिरकीकडेच बघत होते.

"हे पक्ष्याबद्दल बोललात ना?"

"पक्ष्याबद्दल, बाबा."

"मग ठीक आहे. ढील द्या."

त्या रात्री सासऱ्यांनी ताट मांडीवर घेतलं नाही. "हे जबडे जरा सरकवा," म्हणाले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बसून, नव्या दातांनी, सावकाश, सगळं जेवले. जावयाने मीठ पुढे केलं. त्याला आणखी काही नको होतं.

सोमवारी फलकावर निकाल लागला. पहिलं बक्षीस वाघाला. उत्तेजनार्थ तिसऱ्या मजल्याला, बिनचोचीच्या कबुतरासाठी.