बिनगुळाची भिंत

“हाई गोट कोनी खरी मानाव नही साहेब, पन मी सांगस,” नथ्थू गवंडी कारभाऱ्यांना म्हणाला. भिंतीवर दाबलेला तळहात मात्र त्याने काढला नाही. काढला असता तर खालचा चुना भुरभुरला असता.

राजेसाहेब बडोद्याचा अजबखाना पाहून आले, आणि तापीकाठच्या आपल्या जुन्या राजवाड्याचाही तसाच अजबखाना करायचा त्यांनी चंग बांधला. तलवारी, अंबारी, पणजोबांचा पेंढा भरलेला वाघ, सगळं तिथे मांडायचं होतं. घाण्यात चुना मळला गेला, तो घट्ट धरावा म्हणून त्यात गूळ पडला, बेलफळाचं पाणी पडलं, आणि भिंती अशा घोटल्या की त्यात स्वतःला पाहून वाघ पुन्हा गुरगुरला असता. फक्त कोपऱ्यातल्या खोलीत गूळ कमी पडला. आज कारभारी धनसिंग नेमके तिथेच टेकले, आणि काळ्या कोटाची पाठ आणि बाही पांढरी करून घेतली.

नथ्थूचे गुडघे आता परांचीवर चढायला राजी नव्हते. अजबखाना दाखवणाऱ्याची जागा मिळाली तर उरलेलं आयुष्य आपणच घोटलेल्या भिंतींच्या गारव्यात जाणार होतं. त्या जागेचं लाल पागोटं कारभाऱ्यांच्या काखेत होतं, आणि त्याची नजर तिथून हलत नव्हती.

“गूळ गेला कुठे?” कारभारी कोट झटकत म्हणाले.

मुंग्यांनी नेला, नथ्थू सांगू लागला. शहाद्याकडच्या मुंग्या. लिंबाच्या पानांवर बसून तापी उतरल्या. कोरीटच्या शिवारात विसाव्याला टेकल्या तेव्हा त्यानेच त्यांना पाणी पाजलं. पुढची मुंगी शेळीच्या करडाएवढी, डोक्यावरून पदर घेतलेली.

“पदर कशाला?”

“सासरा बरोबर व्हता ना.”

चुना मळणारी फुलीबाई पाटीआड खुदकली. नथ्थूने तिकडे कानाडोळा केला.

चुन्यासाठी आणलेली ढेप संपली तशी मुंग्यांना भिंतींतल्या गुळाचा वास लागला. एका पहाटे पाहतो तर त्यांनी अख्खा राजवाडा उचललेला, वीतभर नदीकडे नेलेलासुद्धा.

“तवय मी कोठे व्हतू आप्पा?” फुलीबाईने विचारलं.

“तू झोपेल व्हती.” तो कारभाऱ्यांकडे वळला. “मंग मन्हा ध्यानमां उनं. एक भिंत बिनगूयनी ठेवानी. तिले मुंग्या तोंड लावतस नही. हाऊ खुटा शे साहेब. हाऊ काढा, ते राजवाडा सकायले शहादामां दिखी.”

कारभाऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग बाहीकडे.

“खुंटा उद्या उपटायचा आणि गूळ घालून पुन्हा करायचा,” ते सावकाश म्हणाले. “पण त्या वाघासमोर उभं करायला मला असाच माणूस हवाय. वाघ मेला कसा, हे आमच्यात कोणाला आठवत नाही.” त्यांनी लाल पागोटं पुढे केलं. “घे. जुनं उतरव.”

नथ्थूचे दोन्ही हात पुढे झाले, आणि अर्ध्यावर थबकले.

“हाईनाच वर बांधी लेस साहेब.”

“दोन पागोटी? उतरव म्हणतो ना.”

नथ्थूचा हात जुन्या पागोट्यापर्यंत गेला आणि ते दाबून धरून तिथेच राहिला.

फुलीबाई पाटी ठेवून उठली. जवळ येऊन तिने त्याच्या कानाकडे नीट पाहिलं.

“आप्पा, तुन्हा कानवरथीन ह्या ज्या मुंग्या उतरी ऱ्हायन्यात, त्या बी शहादान्या शेत का? पागोटं सोड. गूय तठेच शे.”