कल्पना पकडायची पेटी

पुण्यात पुस्तक नसलं तरी चालतं, प्रकाशन झालं पाहिजे. आमचे भीमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि निरोपसमारंभात सहज म्हणाले, "आता आत्मचरित्र लिहीन म्हणतो." एवढ्यावर आमच्या बुद्धविहाराचे सेक्रेटरी वैजनाथ यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी हॉल धरला, पाहुणे ठरवले, पत्रिकेचा मजकूरही तयार केला. पुस्तकाचं तेवढं एक अक्षर लिहून झालेलं नव्हतं.

खराडीला नोकरी करणाऱ्या आमच्या सौरभने वडिलांसाठी एक भेटसंच मागवला. लाकडी पेटी, आत जाड कागदाची वही, शाईचं पेन, एक लाल पेन, रंगीत चिठ्ठ्या आणि प्रश्न छापलेली पत्त्यांएवढी कार्डं.

"बाबा, हा आयडिया कॅप्चर करायचा सेट आहे."

"आयडिया म्हणजे काय उंदीर आहे?" मी विचारलं. दोघांनीही ऐकलं नाही.

भीमराव रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पेटीसमोर बसायला लागले. जन्मभर फायली लिहिलेला माणूस. स्वतःच्या जन्माची हकिगत त्यांनी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरू केली. शब्द खोडला की बाजूला छोटी सही करायची, ही खात्याची सवय. नाहीतर उद्या कुणी विचारेल, खाडाखोड कोणी केली? पहिलं पान सह्यांनीच भरलं.

ऋणनिर्देश मात्र झटक्यात झाला. त्यात झाडून सगळे अधिकारी होते, जीपचा ड्रायव्हर होता आणि तळाशी मी. ‘पत्नी प्रेमला हिची मोलाची साथ लाभली.’ मी टेलिफोन खात्यात रात्रपाळ्या केल्या, पोर वाढवलं, आणि भिंतीवर पाल दिसली की हा अधिकारी पलंगावर चढतो म्हणून झाडूही मीच घेतला. सगळं त्या एका ओळीत बसवलं.

मग एके दिवशी कार्ड निघालं, ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी क्षण कोणता?’ भीमरावांनी एका बैठकीत दोन पानं लिहिली आणि घसा साफ करून मला वाचून दाखवली.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. इथेच कर्वेनगरात आम्ही भाड्याची खोली बघायला गेलो होतो. मालकांनी चहा विचारला, मग आडनाव विचारलं. साळवे म्हटल्यावर चेहरा पडला. "आमच्याकडे पाण्याची जरा अडचण असते हो," म्हणाले. ‘त्यावर मी निर्भीडपणे उत्तरलो,’ भीमराव वाचत होते, ‘मग योग्य माणूस आलाय. मी पाटबंधारे खात्यातच आहे.’

मी हातातली मेथी खाली ठेवली.

"हे कोण म्हणालं होतं?"

"आशय तोच आहे."

"आशय नाही विचारला. तोंड कुणाचं होतं?"

"अगं, आत्मचरित्र माझं आहे ना!"

"तुम्ही तेव्हा स्वतःच्या चपला बघत होता. छान होत्या, नाही असं नाही."

बोलता बोलता मला रडूच आलं. संतापाने. ती खोली काही आम्हाला मिळाली नाही. त्या दिवशी पदरात पडलं ते एवढं एक वाक्य, आणि ते माझं होतं. जिना उतरताना ह्यांना हसू यावं म्हणून मी ते परत परत म्हणून दाखवलं होतं.

मी पेटी उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. ना कार्ड काढलं, ना चिठ्ठी. त्या जिन्यापासूनच लिहायला लागले. भात करपला. भीमरावांनी तो तसाच खाल्ला. पुढेही बरेच दिवस करपलेलंच खाल्लं. अधूनमधून दारात येऊन विचारायचे, "पेन चालतंय ना नीट?"

लिहून झालं तेव्हा वही त्यांच्या हातात दिली. ते बाल्कनीत वाचत बसले. मी घासलेलं पातेलं पुन्हा घासत होते. भीती वाटत होती. ‘हे कशाला लिहिलंस’ एवढं जरी म्हणाले असते, तरी मी ती वही कुणालाच दाखवली नसती. त्यात चपला होत्या, पाल होती, सगळं होतं. मध्येच ते मोठ्याने हसले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

उठले ते फोनकडे गेले. "वैजनाथ, पत्रिकेत दुरुस्ती आहे. माझं नाव खोडा, प्रेमला साळवे लिहा. हो, पुस्तक तिचंच आहे. हवं तर सही करून देतो."

मग आत येऊन त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे मी माझा ऋणनिर्देश लिहिला होता, एकाच ओळीचा. ‘पती भीमराव यांची मोलाची साथ लाभली.’

त्यांनी पेटीतलं लाल पेन काढलं, ‘मोलाची’ खोडलं आणि बाजूला छोटी सही केली.