अक्कलदाढेचा आठवडा

आठवडा कोणत्या वारी सुरू होतो, यावरून आमच्या घरात वाटणी झाली. हसू नका. लोकांच्या जमिनीवरून होतात, दागिन्यांवरून होतात, आमची वारावरून झाली.

आधी माणसं सांगते. थोरले म्हणजे आमचे हे, आणि धाकटे म्हणजे माझे दीर. दोघांनी मिळून दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. कोणत्या पेशंटला कधी बोलवायचं, कोणती खुर्ची रिकामी आहे, सगळं ते सांभाळतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे आतला कोड सगळ्यांना उघडा. कोणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा, आणि वाटलं तर तो बदल आम्हालाही पाठवावा. मग आम्ही खातो काय? तर सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि त्याची काळजी घ्यायची, यावर आमचं घर चालतं. काळजी घ्यायची म्हणजे फोन उचलायचा. फोन मी उचलते.

बाहेरून आलेला बदल मंजूर करण्याचा शेवटचा अधिकार कोणाचा, यावर पहिल्याच दिवशी दोघांचं जुंपलं होतं. एकमेकांवर विश्वास नाही, माझ्यावर मात्र दोघांचा. म्हणून अधिकार माझ्या नावावर केला. मी तो कधी वापरला नाही. एकीकडे नवरा, दुसरीकडे दीर. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाची बाजू घेणार?

तर कॅलेंडर. त्यातला पहिला रकाना रविवारचा, असं थोरल्यांचं म्हणणं. सोमवारचा, असं धाकट्यांचं.

"मग ज्याला जो वार हवा तो निवडू द्या की," मी म्हणाले.

त्यावर मात्र दोघं एक झाले. "निवड देणं म्हणजे पळपुटेपणा," थोरले म्हणाले. "आपल्याला काही मत आहे की नाही, वहिनी?" धाकटे म्हणाले. नेमका तसाच बदल 'अक्कलदाढ' असं टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी मागेच करून पाठवला होता. धाकट्यांनी त्याला उत्तर दिलं होतं, "आधी एखाद्या दवाखान्यात जाऊन बघा, काम कसं चालतं ते." बदल तसाच लोंबकळत राहिला.

शेवटी वाटणी झाली. कोडची वाटणी बघण्यासारखी होती. दोघांनीही अख्खाच्या अख्खा कोड घेतला आणि कोणाचं काही कमी झालं नाही. जमिनीचं असं जमलं असतं तर किती वकील उपाशी मेले असते! पण ऑफिसची नक्कल कशी काढणार? खिडकी एक, प्रिंटर एक. मग जमिनीवर मधोमध पिवळी चिकटपट्टी लागली. ती माझ्या टेबलावरूनही गेली. फोन थोरल्यांच्या हद्दीत आला आणि त्याचा चार्जर धाकट्यांच्या. कोडमधली एकच चूक दोघं एकमेकांकडे पाठ करून दुरुस्त करायचे आणि कोणाची दुरुस्ती सरस, हे मला विचारायचे. घरी जेवायला एकाच टेबलाशी, तरी "वहिनी, दादाला म्हणावं मीठ सरकव." मला रडू यायचं आणि हसूही.

अशात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गावभर त्यांचे दवाखाने. त्या गेल्या तर दुकानाला टाळंच.

"तुमचं सॉफ्टवेअर आता दोन-दोन दिसतंय. खरं कुठलं? शुक्रवारी बघायला येते."



शुक्रवारी बाई आल्या आणि फिरत्या खुर्चीत नेमक्या पट्टीवर बसल्या. डावीकडून थोरले रविवार दाखवतायत, उजवीकडून धाकटे सोमवार. बाईंनी पेशंटच्या तोंडात बघावं तसं दोन्हींकडे नीट बघितलं.

"आमचे दवाखाने मंगळवारी बंद असतात," त्या म्हणाल्या. "आमचा आठवडा बुधवारी सुरू होतो."

"बुधवारी आठवडा सुरू होत नाही," थोरले म्हणाले.

"कुठेच होत नाही," धाकटे म्हणाले. कित्येक दिवसांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"माझा होतो. हवा तो वार निवडता येईल असा बदल मी करून पाठवलाही होता. मला उत्तर आलं, आधी एखाद्या दवाखान्यात जाऊन बघा."

धाकटे खाली वाकून पट्टीचं सुटलेलं टोक चिकटवायला लागले. थोरल्यांनी कसंबसं विचारलं, "म्हणजे अक्कलदाढ... तुम्ही?"

"इंजेक्शन दिलं की दाढ बधिर होईपर्यंत मला काम नसतं. तेवढ्या वेळात शिकले." बाई माझ्याकडे वळल्या. "कोड उघडाच आहे. माझी प्रत घेऊन मी आजच वेगळी होऊ शकते. पण मग आमच्या दवाखान्यांचे फोन कोण उचलणार? म्हणून विचारते, माझ्या बदलाचं काय करताय?"

"अगं, सांग ना त्यांना," थोरले म्हणाले.

"वहिनी, समजवा," धाकटे म्हणाले.

तेव्हा माझा खरोखर संताप झाला. गिऱ्हाइकाला ना रविवार हवा होता, ना सोमवार, आणि त्यासाठी या दोघांनी माझ्या टेबलावर पट्टी मारली होती! बाजू घ्यायचीच तर गिऱ्हाइकाची घ्यावी. मी कॉम्प्युटर पुढे ओढला. मूळ सॉफ्टवेअर अजून माझ्याच ताब्यात होतं. यांच्याकडे होत्या त्या नकला. अक्कलदाढेचा बदल शोधला आणि 'मंजूर'चं बटण दाबलं.

"आजपासून मी फक्त या सॉफ्टवेअरचे फोन उचलणार," मी म्हणाले. "तुमच्या नकलांचे फोन तुम्ही उचला."

तेवढ्यात फोन वाजला. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंना चहा ओतायला लागले. थोरल्यांनी फोनकडे हात नेला, नक्कल वापरणाऱ्या एका दंतवैद्याचं नाव वाचलं आणि हात मागे घेतला. खवळलेल्या पेशंटपेक्षा खवळलेला दंतवैद्य वाईट, हे दोघांनाही ऐकून माहीत होतं. फोन वाजतच राहिला.

"दादा," धाकटे खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "पट्टी काढायची का?"

"काढू या."

मला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. दोघं भाऊ शेजारी शेजारी उकिडवे बसले.

"खिडकीकडून सुरू कर," थोरले म्हणाले.

"छे! दाराकडूनच सुरू करायची असते," धाकटे म्हणाले.

मी फोन उचलला.