सूर्यास्ताआधीची गोळी

मम्मीजींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, चौविहार. सूर्य मावळला की सकाळपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. म्हणून प्रेशरची, शुगरची अशा सगळ्या गोळ्या मी सूर्यास्ताआधी एकदमच त्यांच्या तळहातावर ठेवते. आठ दिवसांपासून त्यात आणखी एक होती. झोपेची. डॉक्टरांनी दिलेली नव्हे, मी ऑनलाइन मागवलेली. डबीवर लिहिलं होतं, ‘संपूर्ण नैसर्गिक’. विषारी धोतराही नैसर्गिकच असतो, पण दमलेल्या माणसाला डबीवरचं सगळं खरं वाटतं.

खरं सांगते, ती गोळी त्यांच्यासाठी नव्हतीच. त्या रात्रभर जाग्या, आणि दर तासाला हाक. “विधी, दिवा लाव.” “विधी, किती वाजले?” सून असावी तर अशी, असं अख्खी गल्ली म्हणते. कौतुकाने झोप भरून निघत नाही. दोन वर्षांत मी सलग चार तास झोपले नव्हते. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाची लाजही वाटायची.

परवा त्यांनी जेमतेम अर्धी वाटी खिचडी खाल्ली. गोळ्या मात्र सगळ्या घेतल्या. दिवेलागणीला बघते तर घामाने भिजलेल्या, हात थरथरताहेत. मशीनवर साखर पन्नास. माझे मिस्टर मनन केळीच्या सौद्याला रावेरला गेलेले. मी डॉक्टरांना फोन लावला.

“आधी साखरपाणी पाजा. नवीन काही घेतलं का?”

मी सांगून टाकलं.

“अहो, अशा गोळ्यांनी साखर आणि प्रेशर आणखी उतरू शकतं. त्यात पोट रिकामं. एकदा विचारायचं तरी!”

मी चमचा पुढे केला. मम्मीजींनी ओठ मिटून घेतले.

“सूर्य मावळला, बेटा.”

“मम्मीजी, ती गोळी मी माझ्या झोपेसाठी दिली तुम्हाला,” मी रडतच म्हणाले. “व्रत मोडल्याचं पाप माझ्या माथी. तोंड उघडा हो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

थोड्या वेळाने साखर वर आली. हात थांबले.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग घेतली कशाला?”

“तुझे डोळे बघवत नव्हते गं.”

डॉक्टरांनी दर तासाला साखर तपासायला सांगितली होती. त्या रात्री मम्मीजींनी एकदाही हाक मारली नाही. मीच उठत राहिले.