गच्चीवरचा कोनाडा

“खरं सांग, कपडे वाळत घालताना कोनाड्याला धक्का लागला ना?”

“अहो, किती वेळा विचाराल? नाही लागला!” बायको कपाटाच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवत होती. “त्यापेक्षा सुताराला बोलवा. हे दार पुन्हा आपोआप उघडायला लागलंय.”

सुतार काय, कधीही बोलावता येईल. त्याच्या डोक्यात कोनाडा होता. कोनाडा म्हणजे काटकोनात जोडलेले तीन पत्रे. रडारची लाट त्यात शिरली की आल्या वाटेने परत जाते आणि वरून तो ठिपक्यासारखा चमकतो. जमीन नखभर जरी हलली तरी आकाशातून टिपेल असा रडारचा उपग्रह त्याची तुकडी आखत होती. उपग्रह अजून कागदावरच होता. तोवर तेच रडार विमानात बसवून चाचण्या चालल्या होत्या. शहरभर कोनाडे ठेवायचे ठरले, तेव्हा उत्साहाच्या भरात त्याने स्वतःची गच्ची देऊ केली. आता बाकीचे कोनाडे जागच्या जागी होते आणि याचा मात्र दर उड्डाणात थोडा थोडा खाली गेलेला दिसत होता.

कचेरीत त्याला ‘शंकासुर’ म्हणत. आराखड्यातल्या चुका हुडकणे हेच काम, त्यामुळे नाव त्याला लागूही होते. पण ही खोड चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येईना. आधी शेजाऱ्यांच्या मांजरावर संशय घेऊन झाला, मग टाकी धुणाऱ्यावर, आणि शेवटी गाडी बायकोवर आली. खरं म्हणजे तिनेच हलवला असावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. नाहीतर रडार खोटे ठरणार, आणि मंजुरीच्या बैठकीत सगळ्यांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार.

एकदा ती बाजारात गेल्यावर त्याने कोनाड्याच्या पायांपासून कठड्यापर्यंत शिवणाचा बारीक दोरा ताणून बांधला. कोणी हात लावला तर तुटणारच. पुढचे उड्डाण झाले. कोनाडा आणखी खाली. दोरा जसाच्या तसा.

“सर, तुमचा कोनाडा वगळूया ना,” तुकडीतली धाकटी म्हणाली. “घरच्यांनी हलवला म्हणायचं. कोण बघायला येतंय?”

“थांब. माझ्या शेजारच्या गच्च्यांवर लोखंडी टाक्या आहेत. त्याही चमकत असतील. त्यांचं बघ.”

तिने बघितले. मग खुर्ची त्याच्याकडे वळवली. “सर, अख्खी गल्लीच खाली चाललीय.”

रडार अचूक होते. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे आपोआप दार उघडणारे ते कपाट उभे राहिले. जगातल्या सगळ्यांवर त्याने शंका घेतली होती, फक्त आपल्या पायाखालच्या फरशीवर नाही.

बैठकीत तो उभा राहिला. “कोनाडा कोणी हलवलेला नाही. माझं घर खचतंय.”

आराखडा मंजूर झाला. गल्ली रिकामी करावी लागेल, हेही तिथेच ठरले.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळे सांगितले. ती बराच वेळ खुर्चीच्या पाठीवरचा ओला टॉवेल सारखा करत राहिली.

“मीच हलवला म्हणून सांगायचं होतंत. घर तरी राहिलं असतं.”

“अगं, खोटं कसं बोलणार तुझ्या नावावर?”

“दोरा बांधलात तेव्हा कुठे होता हा खरेपणा?”

तो दचकला. “तू पाहिलास?”

“त्याच दिवशी. तेव्हापासून पाऊल टाकलं नाही वर.”

तेव्हा कुठे त्याला घर दिसले. खुर्च्यांवर, दारांवर, खिडकीच्या गजांवर दमट कपडे. किती दिवस त्यांच्यातून वाट काढत तो ये-जा करत होता, आणि एकदाही विचारले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने सगळे कपडे गोळा केले आणि गच्चीवर नेले. दोरा हाताने तोडला. मग एकेक कपडा वाळत घालू लागला, वाकडातिकडा, सुरकुत्यांसकट. थोड्या वेळाने ती चिमटे घेऊन वर आली, त्याने घातलेला शर्ट काढून नीट झटकला, पुन्हा घातला. चादरीचे एक टोक तिने त्याच्या हातात दिले.

खाली कपाटाचे दार करकरत उघडले. ते लावायला कोणीच गेले नाही.