दोनशे दहाव्या पानावर थांबलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या निम्म्या कळांवरची अक्षरं झिजली आहेत आणि आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो.

माझा उमेदीचा काळ एका दवाखान्यात गेला. पेशंटची नावं, तापाचे आकडे, पुढची तारीख, सगळं माझ्या पोटात. मला चालवायचे कंपाउंडरकाका. कोणी घाई केली की मान वर न करता म्हणायचे, "बसा, नंबर आला की बोलावतो." तेव्हा माझं कौतुकही फार होतं. पुढे नवा संगणक आला, मी अडगळीत गेलो. काका निवृत्त झाले तेव्हा मला घरी घेऊन आले.

घरी त्यांनी माझ्यावर कादंबरी लिहिली. सात वर्षं, दोन बोटांनी. दवाखान्याच्या बाकावर बसून राहणाऱ्या माणसांची. घरचा म्हणून सांगत नाही, पण चांगली आहे.

पहिली तीन प्रकरणं त्यांनी एका प्रकाशनाच्या संपादकबाईंना पाठवली. उत्तर आलं, "आवडली. पूर्ण पाठवा. वाचायला तीन महिने लागतील." काकांना आभाळ ठेंगणं झालं. पण विसाव्या दिवशीच धीर सुटला. "मिळाली का?" "वाचताय ना?" आधी ईमेलवर, मग बाईंच्या खासगी नंबरवर, मग त्यांच्या घरगुती फोटोंखालीसुद्धा.

मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा की जरा. दवाखान्यात तुम्हीच लोकांना बसवून ठेवायचात ना?"

"अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," काका म्हणाले.

एका सकाळी बाईंनी एका वृद्ध गृहस्थांचा फोटो टाकला. खाली चार ओळी होत्या. काकांनी त्या वाचल्याच नाहीत. "मॅडम, माझ्या कादंबरीचं काय ठरलं?" असं लिहून त्यांनी कळ दाबली. एरवी मी ऐन वेळी अडतो आणि बोलणी खातो. त्या दिवशी मात्र कुठेच अडलो नाही. त्याचं दुःख मला अजून आहे.

संध्याकाळी मुलीने ते पाहिलं. "बाबा, त्यांचे वडील गेलेत," ती हळूच म्हणाली. काकांनी लगेच मजकूर पुसला, पण बाईंनी तो वाचला होता.

आठवड्याने पत्र आलं. "मी दोनशे दहाव्या पानापर्यंत आले होते. हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी बसून त्यांना रोज वाचून दाखवायचे. त्यांना आवडत होती. आता मला ती पुढे वाचवणार नाही. दुसऱ्या कुणाकडे जरूर पाठवा."

काकांनी दोन ओळींत माफी मागितली. दुसरं काही मागितलं नाही. कादंबरी मात्र त्यांनी पुन्हा कुणालाच पाठवली नाही. ती माझ्याच पोटात पडून आहे, आणि माझे फार दिवस उरलेले नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी लिहाल, कुणाला तरी पाठवाल. त्यांनी मागितलेला वेळ त्यांना द्या. त्यांच्या कामाच्या पत्त्यावरच लिहा, घरात शिरू नका. आणि लिहिण्याआधी समोरच्याने काय लिहिलंय ते वाचा. त्या चार ओळी वाचायला काकांना अर्धं मिनिटही लागलं नसतं.